सगळ्यांसाठी एकच फॉर्म

सोमवार, ३ तारीख

कोल्ड स्टोरेजवाल्या साहेबांनी आज नवीन काम दिलं. त्यांची हजेरी, रजा, पाळ्या, खोल्यांची तापमानं, मालाची आवक-जावक हे सगळं गेल्या वर्षापासून आमच्या वेबसाइटवर चालतं. आता त्यांना प्रत्येक पानाच्या तळाशी एक छोटा फॉर्म हवा आहे. वर लिहायचं, ‘काही धोकादायक दिसलं? इथे लिहा. नाव विचारलं जाणार नाही.’ कामगार हजेरीच्या पानावर असो की तापमानाच्या, तिथल्या तिथे लिहील आणि पाठवून मोकळा होईल.

साहेबांना स्वतःला त्याची काही हौस नाही. तपासणीवाल्यांनी सांगितलंय म्हणून करतोय, नाहीतर आमच्याकडे कोणाला तक्रारच नसते, असं म्हणाले. मी मान डोलावली. गिऱ्हाईकापुढे मान डोलवणं मला छान जमतं. आमची कंपनी म्हणजे मी आणि मास्तर, दोघंच, आणि हे गिऱ्हाईक गेलं तर आम्ही एकमेकांचीच वेबसाइट बनवत बसू.

पहिलं काम भावोजींमुळे मिळालं होतं. माझे धाकटे दीर तिथे मशिनरूममध्ये आहेत. ज्या गॅसने खोल्या थंड राहतात, त्या अमोनियाचे पाइप नि मशिनं त्यांच्या ताब्यात. आमच्याकडेच राहतात, आमच्याकडेच जेवतात आणि ताटावरून उठेपर्यंत कोणाची ना कोणाची टिंगल करतात. आज माझीच केली. म्हणाले, वहिनी, फॉर्ममध्ये वहिनींच्या स्वयंपाकाबद्दल लिहिलं तर चालेल का? धोकादायक दिसलं तर लिहा असंच म्हटलंय ना?

बुधवार, ५ तारीख

मास्तरांशी वाजलं. मास्तर म्हणजे माझे भागीदार. एके काळी शाळेत गणित शिकवायचे, तेव्हापासून त्यांची बायकोसुद्धा त्यांना मास्तरच म्हणते. त्यांचं म्हणणं, ज्या ज्या पानावर फॉर्म दाखवायचा त्या त्या पानाच्या कोडमध्ये तो वेगळा तयार कर. म्हटलं, इतक्या पानांत तीच ती ओळ गिरवायला मी काय शिक्षा झालेली पोर आहे? पायथनमध्ये सरळ सोय आहे. फॉर्म एका जागी बनवायचा आणि सांगायचं, कुठलंही पान निघालं की हा त्याच्याबरोबर द्यायचा. उद्या शब्द बदलायचा झाला तर एका जागी बदलला की सगळीकडे बदलला.

दुपारपर्यंत चाललंसुद्धा. सगळी पानं उघडून बघितली, सगळीकडे फॉर्म आपला शहाण्यासारखा तळाशी बसलेला. साहेबांची एकच अट होती, विभाग निवडल्याशिवाय फॉर्म जाता कामा नये, म्हणजे तक्रार कुठली ते कळेल. तीही घातली. विभाग न निवडता पाठवला तर फॉर्म परत येतो, ‘विभाग निवडा’ असं लाल अक्षरात सांगतो, आणि लिहिलेला मजकूर तसाच ठेवतो. पुन्हा टंकायचा त्रास नको.

मास्तर म्हणाले, दोन संगणकांवर दोन वेगळी माणसं होऊन एकदा तपासून बघ. मी म्हटलं, मी एकटीच दोघांना भारी आहे. ते हसले नाहीत. त्यांच्या लेकीचं बाळंतपण आहे, उद्यापासून ते तिकडे.

शुक्रवार, ७ तारीख

फॉर्म चालू झाला. पहिली तक्रार आली ती पाणी पिण्याच्या मशिनबद्दल, दुसरी बाथरूमच्या कडीबद्दल. साहेब खूश.

जेवताना भावोजींनी विचारलं, नाव कळत नाही म्हणजे कोणालाच नाही ना? वहिनी, तुम्हाला तरी? म्हटलं, मलासुद्धा नाही, अगदी निश्चिंत राहा, माझ्या स्वयंपाकाबद्दल मनसोक्त लिहा. ते हसले, पण जरा उशिरा.

बुधवार, १२ तारीख

भावोजींचं काहीतरी चाललंय. आले ते डोळे लालबुंद. नवऱ्याने विचारलं तर म्हणाले, धूळ गेली. काल घसा बसला होता, आज डोळे. घरात शिरले की आधी अंघोळ, मग खोलीचं दार बंद. ताटावर एक विनोद नाही. नवऱ्याला म्हटलं, हे धुळीबिळीचं नाही, पोरीचं आहे. माणूस रडला की डोळे लाल होतात आणि घसा बसतो. नवरा चष्म्यांच्या दुकानात दिवसभर लोकांचे डोळे बघतो, त्याला म्हणे हे रडण्याचे डोळे वाटत नाहीत. त्याला काय कळतंय. लग्नाआधी मी रडून रडून अर्धी झाले होते, तेव्हा यालाच सर्दी वाटली होती.

सरळच विचारलं भावोजींना, कोण आहे ती? ते आधी घोटभर पाणी प्यायले. मग म्हणाले, वहिनी, तुमच्याकडे आलेली तक्रार तुम्ही लगेच साहेबांना दाखवता की काय करता? म्हटलं, ती आपोआप सुरक्षेवाल्यांच्या यादीत जाते, माझा हात लागत नाही. पण तुम्ही विषय बदलू नका.

विषय त्यांनी बदललाच. ताट उचलून उठले.

शुक्रवार, १४ तारीख

आज जीव टांगणीला लागला होता. आता निस्तरलंय, म्हणून लिहायला बसले आहे.

सकाळी साहेबांचा फोन, ताबडतोब या. गेले. हजेरीचं काम बघणाऱ्या बाईंनी रजेचं पान उघडलं तर तळाच्या फॉर्ममध्ये आधीच काहीतरी लिहिलेलं होतं. त्यांनी घाबरून साहेबांना बोलावलं. साहेबांनी त्याचा फोटो काढून ठेवला होता, तो माझ्यापुढे धरला. मी शब्दन् शब्द उतरवून घेतला:

‘तीन नंबरच्या खोलीतल्या पाइपाचा जोड गळतो आहे. डोळे चुरचुरतात, घशात आग होते. गॅसची घंटा सारखी वाजते म्हणून तिची तार काढून ठेवायला लावली आहे. खोली रिकामी आहे म्हणून आजवर निभावलं. माल भरायला माणसं आत गेली तर कोणीतरी जाईल.’

साहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. हे कोणी लिहिलं, एवढंच ते विचारत होते. मी यादी तपासली. यादीत ही तक्रार नाही. आलीच नाही. पाण्याचं मशिन आहे, कडी आहे, हे नाहीच. मग जी गोष्ट कोणी पाठवलीच नाही ती हजेरीवाल्या बाईंच्या पडद्यावर कशी?

आणि एकदम डोक्यात प्रकाश पडला. मास्तर! मास्तरांची खोड आहे, चाचणी करताना साधं ‘अबक’ लिहिणार नाहीत, अख्खी गोष्ट रचतील. मागे एका दवाखान्याच्या कामात त्यांनी एका काल्पनिक म्हाताऱ्याला तीन वेगवेगळ्या आजारांनी भरती केलं होतं आणि शेवटी बरं करून घरीही पाठवलं होतं. जाण्याआधी त्यांनी काहीतरी खरडून बघितलं असणार आणि ते कुठेतरी अडकून राहिलं असणार. त्यांना फोन लावला, लागेना. ते आगगाडीत, लेकीला नि नातीला घेऊन परतीच्या वाटेवर. साहेब घड्याळ बघत होते. मी म्हटलं, साहेब, हा आमच्या चाचणीचा मजकूर आहे.

त्यांनी इतका मोठा सुस्कारा सोडला की मलाही बरं वाटलं. म्हणाले, तसं कागदावर द्या, मंगळवारी तपासणी आहे. मी लिहायला घेतलं तर त्यांनीच वाक्य सांगितलं: सदर मजकूर आमच्या चाचणीचा असून त्याचा वस्तुस्थितीशी काहीही संबंध नाही. साहेबांची भाषा चांगली आहे. मी सही केली. इतक्या दिवसांत आज पहिल्यांदा त्यांनी मला स्वतःच्या कपात चहा पाजला.

येताना वाटलं, सुटलो बाई. फॉर्म रिकामा करून टाकला. मजकूर तिथे आला कसा, ते मास्तर आले की बघू.

शनिवार, १५ तारीख

भावोजी जेवायला बसले आणि दोन घासांत उठले. जाताना म्हणाले, “वहिनी, तुमचं पत्र आमच्या सूचनांच्या फळ्यावर लावलंय. सही ओळखली मी.”

म्हटलं, सही चांगलीच येते माझी.

“पत्र तुम्हीच लिहिलंत? कोणी लिहून घेतलं नाही ना?”

मीच लिहिलं, म्हटलं. थोडा अभिमानच वाटला. त्यांनी ताट धुऊन ठेवलं. या घरात त्यांनी आजवर स्वतःचं ताट कधी धुतलं नव्हतं. नवऱ्याला म्हटलं, बघ, मुलीने नकार दिलेला दिसतो.

नवरा म्हणाला, तू जरा गप्प बस. असा बोलत नाही तो कधी.

सोमवार, १७ तारीख

कोल्ड स्टोरेजच्या फाटकाबाहेर गाडीत बसले आहे. लिहिलं नाही तर वेड लागेल.

सकाळी मास्तर आले. नातीचे फोटो दाखवले. मी मजकूर वाचून दाखवला आणि म्हटलं, तुमच्या गोष्टीने माझा जीव घेतला होता. मास्तर म्हणाले, “ही माझी गोष्ट नाही. मी फॉर्मला हातही लावला नव्हता.”

दोन संगणकांवर दोन माणसं झालो, तेव्हा कळलं. मास्तरांनी तिकडे विभाग न निवडता काहीतरी लिहिलं, पाठवलं, फॉर्म परत आला. मी इकडे रजेचं पान उघडलं, तर मास्तरांचं वाक्य माझ्या पानावर. फॉर्म मी एकदाच बनवला होता, वेबसाइट सुरू होते तेव्हा. पान उघडणाऱ्या प्रत्येकाला नवा मिळायला हवा होता, मी सगळ्यांच्या हातात एकच दिला. दारात टांगलेली एकच पाटी, आधीच्याने लिहिलेलं पुसायला कोणी नाही. फॉर्म बनवणारी ओळ एक ओळ खाली, दर पानाबरोबर नव्याने चालणाऱ्या कामाच्या आत घ्यायची होती, तेवढीच माझी चूक. एकटी तपासत होते तोवर सगळं बरोबरच दिसणार. पाटीवर लिहिणारीही मीच नि वाचणारीही मीच.

म्हणजे तो मजकूर खऱ्या माणसाने लिहिला होता. विभाग त्याने मुद्दामच निवडला नसणार. ‘मशिनरूम’ निवडलं असतं तर कोणी लिहिलं ते त्याच क्षणी कळलं असतं, तिथे माणसं आहेतच किती. फॉर्म परत आला असणार, पाठीमागे कोणाची तरी चाहूल लागली असेल, लाल अक्षरं वाचायच्या आतच पान बंद केलं असेल. त्याला वाटलं असणार, गेली तक्रार. आणि मी लिहून दिलं की तिचा वस्तुस्थितीशी काहीही संबंध नाही.

कुठल्या संगणकावरून आलं ते सर्व्हरच्या नोंदीत होतं. मशिनरूम. गुरुवारची सकाळची पाळी. पाळ्यांचं पान आम्हीच बनवलंय, उघडून बघितलं.

लाल डोळे. बसलेला घसा. आल्या आल्या अंघोळ. कोण आहे ती म्हणून विचारणारी मी शहाणी.

मास्तरांनी ओळ योग्य जागी नेली तोवर मी निघाले होते. साहेबांना सगळं सांगितलं. चूक आमची, पत्र चुकीचं, मजकूर खरा, तीन नंबरची खोली आधी तपासा. ते शांतपणे ऐकत होते. खोलीत दुपारपासून माल भरायचा आहे, माणसं ठरलीत, म्हणाले. आणि मग:

“कोणी लिहिलं ते सांगा, जोड आजच्या आज बदलतो.”

“नाव मला माहीत नाही.”

“मग जोडही मला माहीत नाही.”

जन्मात मी इतकं खोटं इतक्या सरळ आवाजात बोलले नव्हते. माझं पत्र परत मागितलं, ते देईनात. तपासणीवाल्यांना फोन केला, ते म्हणतात, उद्या येणारच आहोत. अग्निशमनवाल्यांना केला. त्यांनी पत्ता घेतला, निघतो म्हणाले, पण त्यांची गाडी शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. भावोजींचा फोन लागणार नाही, आत जाताना सगळ्यांचे फोन फाटकावरच्या पेटीत ठेवून घेतात. पहारेकरी मला आता पुन्हा आत सोडत नाही. माल आणणारे दोन ट्रक माझ्या समोरून आत गेले.

आतल्या माणसांकडे दर तासाला एकच गोष्ट उघडी असते. आमचं तापमानाचं पान.

मास्तरांना फोन केला. म्हटलं, फॉर्मच्या वरचं वाक्य बदलते आहे. कोणाला विचारलेलं नाही, आपलं काम जाईल. ते म्हणाले, एका जागी बदललं की सगळ्या पानांवर येईल ना? म्हटलं, येईल. म्हणाले, मग बदल.

मांडीवरच्या लॅपटॉपवर लिहिलं: ‘तीन नंबरच्या खोलीत जाऊ नका. पाइपाचा जोड गळतो आहे आणि घंटेची तार काढलेली आहे. फळ्यावरचं शुक्रवारचं पत्र खोटं आहे, ते मी दिलं होतं.’ खाली माझं पूर्ण नाव, फोन. पाठवलं. आता वाट बघते आहे. अजून कोणी बाहेर येत नाही.

तोच दिवस, संध्याकाळ

आधी हजेरीवाल्या बाई आल्या, पर्स छातीशी धरून. मग माल उचलणारे, जाड हातमोजे घालून, एकमेकांना काय झालं विचारत. हळूहळू अंगण भरलं. साहेब मध्ये उभे राहून ओरडत होते की संगणकवाल्या बाईचं डोकं फिरलंय, आत चला. कोणी हललं नाही. एक म्हातारा कामगार म्हणाला, साहेब, तुम्ही पुढे व्हा, आम्ही मागून येतो. साहेबही हलले नाहीत.

मी एक एक चेहरा बघत होते. भावोजी त्यात नव्हते. मशिनं नीट बंद केल्याशिवाय मशिनरूमवाल्यांना निघता येत नाही, हे त्यांनीच मला कधीतरी सांगितलं होतं, तरी माझी नजर दारावरून हलेना. अग्निशमनची गाडी वळणावर दिसली तेव्हा भावोजी दारातून बाहेर आले, तोंडाला ओला रुमाल. माझ्या शेजारून गेले. माझ्याकडे बघितलं नाही.

मंगळवार, १८ तारीख

तपासणीवाले आले. मुखवटे घालून आत गेले. जोडाला पाना लावला तर नट गंजून भुगा होऊन हातात आला, असं हजेरीवाल्या बाई फोनवर सांगत होत्या. घंटेची तार जोडली तर ती वाजायला लागली आणि थांबेचना, शेवटी सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. खोली बंद केली आहे. साहेबांना वर बोलावलंय. वरून आम्हालाही एक निरोप आला, दोन ओळींचा, काम थांबवा म्हणून. मास्तर म्हणाले, नातीला खेळवायला वेळ मिळेल. ते हसले, म्हणून मीही हसले.

भावोजी आज वेळेवर आले. नवऱ्याने काहीतरी निमित्त काढून बाहेरची वाट धरली. मी पाट-पाणी केलं नि समोरच उभी राहिले. सगळं सांगितलं, पाटी, ओळ, मास्तर, एकही गोष्ट लपवली नाही. ते खाली बघून ऐकत होते. बोलता बोलता रडायला यायला लागलं. म्हटलं, भावोजी, मला ठाऊकच नव्हतं हो. ते तुमचं आहे हे कळलं असतं ना, तर मी हात तोडून घेतला असता पण त्या कागदावर सही केली नसती.

त्यांनी वर बघितलं. डोळे अजून लालच आहेत. रागावलेले दिसले नाहीत, दमलेले होते.

“आणि वहिनी, माझं नसतं तर?”

त्यांनी ताट जवळ ओढलं आणि जेवायला लागले. मी वाढत राहिले.